निराधार मुलांचा सांभाळ : कायदा आणि माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली आणि तेथून ती गावोगावी गेली. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, हा आपल्याकडील रिवाज आहे. माझे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहताना. तेव्हा चालकांनी मला येथे बोलावले ते पांडित्यासाठी खासच नव्हे. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस, तसेच बालगृहांतून कंत्राटावर काम करणारी माणसे यांच्या संघटनेचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्या कामात जे पाहिले तेवढेच सांगणार आहे.

निराधार मुलांच्या प्रश्नावर युनियनवाला काय बोलणार, असे आपणांपैकी कोणाला वाटले तर ते साहजिक आहे. फार तर पगारवाढ मागेल, असे वाटेल. ती मी मागणारच आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ती का मागतो, आणि तिचा एखाद्या आठ वर्षांच्या पोराशी काय संबंध आहे, हे सांगण्यासाठी मला तासभर हवा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या देशात मुलांच्या संरक्षणाचे कायदे कमी नाहीत, आणि ते वाईटही नाहीत. उणीव आहे ती कायदा आणि मूल यांच्या मध्ये जो माणूस उभा राहावयास हवा त्याची. तो माणूस आपण आज अकरा महिन्यांच्या बोलीवर ठेवतो. आणि मुलाला तर तो वर्षानुवर्षे हवा असतो.

प्रथम ही मुले कोण, ते पाहू. ‘अनाथ’ म्हटले की ज्याचे आईबाप दोघेही गेले असे मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. तशी मुले आहेत. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत त्यांत भरही पडली. पण मी ज्या बालगृहांत जातो, तेथील बहुतेक मुलांना आई किंवा बाप यांपैकी कोणी तरी आहे. आई विधवा आहे आणि दिवसभर कामावर असते. बाप दारूत बुडालेला आहे किंवा तुरुंगात आहे. कोठे आई दीर्घ आजारी आहे. कोठे दुसरे लग्न झाले आणि पहिल्या घरचे पोर अडचणीचे झाले. कोठे घरातच मुलीवर हात टाकला गेला आणि तिला त्या घरापासूनच वाचवावे लागले. म्हणजे या मुलांच्या बाबतीत घर मोडले आहे, पण त्याचे वासे अजून उभे आहेत. ते सावरता येतील की नाही, हा पहिला प्रश्न असतो.

पूर्वी हे सावरण्याचे काम नातेवाईक आणि शेजारी करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साचेखात्यात होते. घरातला पगार थांबला. धाकटे दोघे भाऊ कोकणात आजीकडे गेले. माझी शाळा सुटली आणि मी एका खानावळीत डबे पोहोचवू लागलो. आई दुसऱ्यांची धुणी करावयास गेली की शेजारच्या काकू आमच्या घराकडे लक्ष ठेवीत. त्यांच्याही घरी संपच होता. आम्ही मुले उघड्यावर पडलो नाही, त्याचे श्रेय कोणत्याही खात्याला नव्हते. ते त्या चाळीच्या सामाईक गॅलरीला आणि कोकणातल्या आजीच्या चुलीला होते.

जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच चाळीत मुलांना मारहाणही होत असे आणि ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून सारे गप्प बसत. शिवाय ज्यांना जातीमुळे किंवा बदनामीमुळे शेजारच उरला नव्हता, त्यांना त्या गॅलरीचा काय उपयोग? म्हणून तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. त्या गृहात जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे आपला मुलगा म्हणून वाढविले आणि डॉक्टर केले. आता ती गॅलरीही गेली. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, गावाकडची आजी एकटी राहते, आणि शेजारच्या दाराआड कोण राहते हे ठाऊक नसते. नातेवाइकांचे काम समाजाने, म्हणजे शासनाने, अंगावर घ्यावयाचे हे आता ओघानेच आले.

शासनाने ते घेतले नाही असे नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारणाशाळा १८५७ साली निघाली. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला आणि त्याच्या अंमलबजावणीला हातभार लावण्यासाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९८६, २००० आणि २०१५ असे तीन वेळा देशभरासाठी बाल न्यायाचे कायदे झाले. बालकांच्या हक्कांचा जागतिक करार भारताने १९९२ साली मान्य केला. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचविणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. दीडशे वर्षांहून जास्त काळाची ही वाटचाल आहे. तिच्यात एक मोठा बदल झाला, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. जुना कायदा मुलाला ‘सुधारावयास’ निघाला होता. आजचा कायदा म्हणतो की मुलाची पहिली जागा कुटुंबात आहे आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय आहे. हे वाक्य कायद्यातच मूलभूत तत्त्वांत लिहिलेले आहे.

आता हा कायदा चालतो कसा, ते एका मुलाच्या वाटेने पाहू. समजा, आपल्या गावच्या एस. टी. स्थानकावर रात्री नऊ वाजता आठ वर्षांची एक मुलगी एकटी बसलेली कोणाला दिसली. तो भला माणूस १०९८ हा क्रमांक फिरवितो. हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून. किंवा तो पोलीस ठाण्यात जातो. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असे कायदा सांगतो. चोवीस तासांच्या आत त्या मुलीला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावयाचे. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसले पाहिजे. समिती मुलीला तात्पुरते बालगृहात पाठविते आणि तिच्या घरची चौकशी करावयास सांगते. ती चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि चार महिन्यांच्या आत अखेरचा निर्णय व्हावा, अशी मुदत घातलेली आहे.

कागदावर यात खोट काढावयास फारशी जागा नाही. पण यातली ‘चौकशी’ म्हणजे काय, याचा विचार आपण करू. आठ वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी आपले खरे नावसुद्धा सांगत नाही. ती घरातून का निघाली हे तर मुळीच सांगत नाही. कोणी तरी तिच्याजवळ बसावे लागते, तिची वेणी घालावी लागते, तिला भूक लागली की नाही हे न विचारता ओळखावे लागते. चौथ्या किंवा पाचव्या भेटीत ती एखादे वाक्य बोलते, आणि त्या एका वाक्यावर पुढचा सारा निर्णय अवलंबून असतो. मग तिच्या गावी जावयाचे, आईला भेटावयाचे, शेजाऱ्यांना विचारावयाचे, शाळेतील बाईंना गाठावयाचे. बाप खरे बोलतो की खोटे, हे दाराशी बसून ठरवावयाचे. चूक झाली तर मूल पुन्हा त्याच हातांत जाते, किंवा ज्या आईने काही गुन्हा केला नाही तिच्यापासून कायमचे तुटते.

हे काम करणारा माणूस कोण? जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संरक्षण अधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते. ही यंत्रणा २००९–१० पासून केंद्राच्या योजनेतून उभी राहिली आणि आज ‘मिशन वात्सल्य’ या नावाने चालते. खर्च केंद्राने साठ टक्के आणि राज्याने चाळीस टक्के उचलावा, असा तिचा सर्वसाधारण हिशेब आहे. नाव गोड आहे. पण ही माणसे कंत्राटी आहेत. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार, किंवा करारच नाही. अख्ख्या जिल्ह्यासाठी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसे, फिरण्याचा खर्च आधी खिशातून करावयाचा, आणि पगाराची रक्कम वरून येण्यास उशीर झाला तर तीन तीन महिने उधारीवर काढावयाचे. समाजकार्याची पदवी घेतलेली हुशार मुले येतात, दोन वर्षे काम शिकतात आणि तिसऱ्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसतात. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनाही घर आहे.

एका बालगृहातला मुलगा माझ्या पाहण्यात आहे. दीड वर्षात त्याच्याकडे लक्ष देणारे तीन कार्यकर्ते बदलले. पहिल्याला त्याने मावशीचा पत्ता सांगितला, पण करार संपला आणि पत्ता वहीतच राहिला. दुसरीने त्याला विश्वासात घेतले, तिला दुसरीकडे नोकरी लागली. तिसरा आला तेव्हा मुलाने तोंड उघडले नाही. संस्थेच्या नोंदवहीत शेरा पडला : ‘मुलगा सहकार्य करीत नाही.’ मी तो शेरा वाचला. माझ्या मते सहकार्य कोणी केले नाही हे त्या वहीत उलटे लिहिले होते. फाईल एका हातातून दुसऱ्या हातात देता येते, पण मुलाने टाकलेला विश्वास तसा देता येत नाही.

हे दुखणे वरिष्ठ न्यायालयांनाही ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका जनहित याचिकेच्या निकालात समित्यांतील आणि बाल न्याय मंडळांतील रिकाम्या जागा भरा, असे राज्यांना बजावले. त्याच वर्षी बिहारमधील मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहाचे भयंकर प्रकरण देशापुढे आले. तेथे जे चालले होते ते टाटा संस्थेच्या ‘कोशिश’ या पथकाने केलेल्या सामाजिक तपासणीतून उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. या प्रकरणातून मी घेतलेला धडा असा : सरकारी तपासण्या त्या गृहाच्याही होत होत्या. रजिस्टरे पाहिली जात होती. फरक पडला तो मुलींशी बोलणारी माणसे आत गेली तेव्हा. दाराला कुलूप आणि वहीला शिक्का एवढ्याने मूल सुरक्षित होत नाही. त्याचे बोलणे ऐकणारा, आणि ऐकून वर सांगण्याची भीती नसलेला माणूस आत असावा लागतो. आता सांगा, ज्याचा करार पुढच्या महिन्यात त्याच संस्थेच्या चालकाच्या सहीने वाढावयाचा आहे, तो माणूस चालकाविरुद्ध तोंड उघडील काय? नोकरीची शाश्वती ही नोकराची चैन नव्हे, ती मुलाची ढाल आहे. हे मला फाटकावरच्या भाषणात कधी इतके स्पष्ट दिसले नव्हते.

आता पैशाचा हिशेब पाहू, कारण हिशेबाशिवाय आम्हां युनियनवाल्यांचे व्याख्यान पुरे होत नाही. ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेतील मुलाच्या पोषणासाठी महिना ३००० रुपये धरले आहेत. म्हणजे दिवसाला शंभर रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, न्याहारी, कपडे, साबण, तेल, वही-पेन्सिल. आपल्या घरातील दहा वर्षांच्या मुलाचा खर्च आपण मनात मांडून पाहावा.

मूल संस्थेत न पाठविता घरीच राहावे म्हणून याच योजनेत ‘प्रायोजकत्व’ आहे. विधवा किंवा टाकलेल्या आईला, अथवा अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला महिना ४००० रुपये मिळावेत, असे ठरले आहे. ही सगळ्यांत शहाणी तरतूद आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण तिला उत्पन्नाची अट आहे : गावात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. याचा अर्थ गावात महिना सहा हजार आणि शहरात आठ हजार. आता गंमत पाहा. आपल्याच राज्याच्या किमान वेतनाने पुरा महिना भरलेल्या बाईला शहरात याहून जास्त मिळते. म्हणजे एका खात्याचा कायदा तिच्या मालकाला सांगतो, इतके दिलेच पाहिजे, आणि दुसऱ्या खात्याची योजना तिला सांगते, इतके मिळत असेल तर तू गरीब नाहीस. मग ती काय करील? कायद्याप्रमाणे मजुरी मिळाली तर मदत गेली, आणि मदत हवी तर कमी उत्पन्नाचा दाखला आणावयाचा. प्रामाणिक बाईला खोटे बोलावयास लावणारी योजना सुधारली पाहिजे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्याच नावाची. तिची रक्कम २०२३ साली ११०० वरून २२५० रुपये झाली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु पैसे दर महिन्याला हातात पडले तरच त्यांचा उपयोग. वाण्याची उधारी वर्षाच्या शेवटी येणाऱ्या हप्त्याची वाट पाहत नाही.

ज्यांची वस्तीच फिरती आहे त्या मुलांचे आणखी निराळे. दिवाळी उलटली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून नवराबायकोच्या जोडीने उचल घेतलेली असते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. पोरे बरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपीत पाच सहा महिने राहतात. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते, मोळ्या बांधू लागते, आणि चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिला एकटे मागे ठेवण्याच्या भीतीने आईबाप तिचे लग्न उरकतात. लग्न झाले म्हणजे एक नवा कोयता तयार झाला, हाही हिशेब त्यात असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आता या मुलीला कोणी सांभाळावयाचे? तिचे नाव बीडकडच्या अंगणवाडीत आणि शाळेत, ती स्वतः कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात. समिती जिल्ह्याची, कक्ष जिल्ह्याचा, आणि पोर दोन जिल्ह्यांच्या मध्ये. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. ज्या गावात ती नीट चालतात तेथे मुले मागे राहतात, शिकतात, हे मी पाहिले आहे. आणि जेथे वसतिगृहाला रात्री राहणारी बाई मिळत नाही तेथे आईबाप मुलीला ठेवावयास तयार होत नाहीत. पुन्हा गाडी त्याच माणसापाशी येऊन अडते.

गावपातळीवर हा माणूस म्हणजे अंगणवाडी सेविका. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबाचे मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना. अनुताई वाघ यांनी ती पुढे चालविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. आज सेविकेने मुलांचे वजन घ्यावयाचे, आहार द्यावयाचा, शिकवावयाचे, गरोदर बायांना भेटावयाचे, मोबाईलवर नोंदी भरावयाच्या, आणि शिवाय गावच्या बाल संरक्षण समितीचे सचिवपदही सांभाळावयाचे. समितीचा अध्यक्ष सरपंच असतो. आता कल्पना करा, सरपंचाच्याच भावकीत बालविवाह ठरला आहे. ही बाई कोणत्या बळावर उभी राहणार? तिला सरकारी नोकर म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की तिचे पद सरकारी सेवेतील पद नव्हे. २०२२ साली त्याच न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या दाव्यात सांगितले की तिला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. म्हणजे सोळा वर्षांत ती निवृत्तीपुरती कामगार झाली, पण कामापुरती अजून स्वयंसेविकाच आहे. केंद्राने तिचे मानधन २०१८ मध्ये ३००० वरून ४५०० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. मानधन या शब्दात मानही आहे आणि धनही. सेविकांना त्या दोहोंपैकी काय पुरेसे मिळते, ते त्यांनाच विचारावे.

येथे एक आक्षेप येतो आणि त्याला मी बगल देणार नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी आणि मदतनिसांनी संप केला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या दिवसांत एका सुशिक्षित गृहस्थांनी मला भर रस्त्यात विचारले, “मुलांच्या तोंडचा घास अडवून तुम्हांला पगार हवा काय?” प्रश्न खोटा नव्हता. गिरणीतला साचा थांबला तर कापड थांबते, अंगणवाडी थांबली तर पोर उपाशी राहते. ज्या बाईने संप केला तिला हे त्या गृहस्थांपेक्षा अधिक ठाऊक होते, कारण त्या पोरांची नावे तिला पाठ होती. कित्येक सेविका संध्याकाळी आपल्या पदरचे काही घेऊन कुपोषित मुलाच्या घरी जाऊन येत. संघटनेने त्यांना ना कधी मनाई केली, ना कधी त्याची जाहिरात केली. मी त्या गृहस्थांना एवढेच म्हणालो की, साहेब, आपण मुलांसाठी कळवळता हे चांगले आहे. मग संप नसतानाच्या उरलेल्या दिवसांतही कळवळत चला. सेवाभाव पाहिजे हे मला मान्य आहे. पण डॉक्टरकडे आणि न्यायाधीशाकडेही सेवाभाव असावा अशी आपली अपेक्षा असते, म्हणून त्यांना कोणी अकरा महिन्यांवर ठेवीत नाही. फक्त मुलांच्या बाबतीत, आणि त्यातही हे काम करणाऱ्या बहुतेक बाया आहेत म्हणून, सेवाभाव हा पगाराच्या जागी वापरला जातो.

आपण काय मागावे, ते आता सांगतो. पहिली गोष्ट, मुलाशी प्रत्यक्ष संबंध येणारी पदे, म्हणजे काळजीवाहक, गृहमाता, संरक्षण अधिकारी, सामाजिक कार्यकर्ता, ही कायम करावीत, आणि एका कार्यकर्त्याकडे किती मुले असावीत याची मर्यादा ठरवावी. दुसरी, प्रायोजकत्वाची उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी बांधावी, म्हणजे वेतन वाढले की ती आपोआप वाढेल. तिसरी, ऊसतोडीच्या मुलांची नोंद त्यांच्याबरोबर फिरावी आणि ज्या जिल्ह्यात फड आहे तेथील समितीने त्यांची जबाबदारी घ्यावी. साखर कारखान्यांनाही त्यातून मोकळे सोडू नये. चौथी, १०९८ हा क्रमांक २०२३ पासून शासनाने स्वतःकडे घेऊन ११२ या क्रमांकाशी जोडला. ज्या संस्थांच्या माणसांनी वर्षानुवर्षे रात्रीअपरात्री मुलांचे फोन घेतले, त्यांचा अनुभव वाया जाऊ नये. फोन कोणीही उचलील, पण पलीकडचे मूल गप्प असताना फोन खाली न ठेवणे ही शिकून येणारी विद्या आहे. पाचवी, अठरा वर्षे पुरी झाली म्हणून मुलाला संस्थेच्या दाराबाहेर उभे करू नये. कायद्यात पुढील तीन वर्षांच्या अनुरक्षणाची सोय आहे. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना एक टक्का आरक्षण दिले, त्यात आपले राज्य पहिले. पण दाखला काढण्यासाठी कचेरीत बरोबर जाणारे कोणी नसेल तर आरक्षण भिंतीवरच्या पाटीइतकेच राहते.

या मागण्या शासनाकडे झाल्या. आपणांकडेही माझे एक मागणे आहे. आपल्यापैकी अनेक जण घरच्या मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करतात. श्रीखंड-पुरी वाढतात, मुलांना ओळीने बसवून छायाचित्र काढतात आणि ते मोबाईलवरून चारचौघांना पाठवितात. हेतू चांगला असतो. पण अशा मुलाची ओळख छापून प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि ते बाजूला ठेवले तरी, दर आठवड्याला नव्या पाहुण्यासमोर हात जोडून गाणे म्हणावयास त्या मुलाला कसे वाटत असेल? त्यापेक्षा समितीच्या परवानगीने एका माणसाने एकाच संस्थेत दर शनिवारी जावे, दोन तास गणित शिकवावे, आणि असे तीन वर्षे करावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी पालक-कुटुंब म्हणून नाव नोंदवावे. कारखाना किंवा दुकान असेल त्यांनी अठरा वर्षे पुऱ्या केलेल्या एका मुलाला काम शिकवावे आणि त्याची पुरी मजुरी द्यावी. शिरा-पुरीपेक्षा हे कठीण आहे, कारण यात तेच तोंड पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. मुलांना तेच हवे असते.

बालकल्याण समिती बसते ती खोली आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कोठे आहे, तेथील सदस्यांच्या जागा भरलेल्या आहेत की नाहीत, आणि तेथे चौकशीची कामे करणाऱ्या माणसांना मागच्या महिन्याचा पगार मिळाला की नाही, एवढ्या तीन गोष्टी आपण आपल्या लोकप्रतिनिधीला विचाराव्यात. पत्राने विचाराव्यात, म्हणजे उत्तर द्यावे लागते. नगरवाचनालयात मी या प्रश्नांचा मसुदा ठेवून जात आहे. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी जाताना जरूर करावी.